गिऱ्हाइकाची गोष्ट चित्रात उतरवायची कशी: आपल्या आदिवासी चित्रकार पोरापोरींसाठी

ऑर्डरचा पहिला मेसेज बहुतेक वेळा असाच असतो, "ताई तुमचं काम खूप आवडलं, आमच्या फॅमिलीची स्टोरी ट्रायबल स्टाइलमध्ये काढून पाहिजे, किती घ्याल?" आणि नवीन पोरं-पोरी घाईघाईत फक्त त्या शेवटच्या "किती घ्याल"ला उत्तर देतात, दोन हजार सांगून मोकळे होतात, मग काम सुरू झाल्यावर कळतं की फॅमिलीत चौदा माणसं आहेत, दोन बैल आहेत, एक म्हातारी आहे जिचा फोटोच नाही, आणि गोष्ट नेमकी काय ते घरातल्या कोणालाच धड सांगता येत नाही. म्हणून रेटचं मी शेवटी सांगणार आहे, आधी गोष्टीचं बघू.

मी पावरा, माहेर धडगाव तालुक्यात, आता शहाद्यात राहून हेच काम करते. ठिपक्यांचं काम, भिली पद्धतीचं. गिऱ्हाईक म्हणाल तर नंदुरबार-धुळे-जळगावचे, आणि आपल्याकडून पुणे, नाशिक, सुरतला गेलेले. इन्स्टावर बरीच पोरं विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सांगून काढून घेतलेलं चित्र आपल्याकडे नवीन नाही

काही जणांना वाटतं ऑर्डरवर काम म्हणजे कला विकली. अरे, पिठोरा, म्हणजे ते भिंतीवरचं नवसाचं घोड्यांचं चित्र, ते काय आहे मग? आपल्या सीमेला लागून अलिराजपूर, त्याच्यापुढे झाबुआ, तिकडे छोटा उदेपूर, या पट्ट्यात राठवा, भिलाला, भील लोकांच्या घरात पिठोरा असतो तो कोणीतरी सांगितल्याशिवाय कधीच काढला जात नाही. घरात आजारपण आलं, ढोरं दगावली, की घरधनी बडव्याकडे, म्हणजे भगताकडे, जातो, नवस बोलतो, आणि नवस फेडायची ऐपत आली की लखाऱ्यांना, म्हणजे पिठोरा काढणाऱ्यांना, बोलावतो. भिंत घरातल्या कुमारिका सारवतात, पांढऱ्या मातीचा हात देतात, रंगात दूध आणि मोहाची दारू मिसळतात. आणि काम झालं की बडवा येऊन एकेक घोडा बघतो, काही राहिलं असेल तर तिथल्या तिथे काढायला लावतो.

आता हे आपल्या धंद्याच्या नजरेनं बघा. ज्याची गोष्ट आहे तो वेगळा, ज्याचा हात आहे तो वेगळा, आणि बरोबर आहे की नाही हे सांगणारा तिसराच. ऑर्डरच्या कामात हीच तीन माणसं लागतात. फोन करणारा मुलगा पुण्यात असतो, पैसे तोच देतो, पण गोष्ट त्याच्या आजीची असते. तर तपासायला आजी पाहिजे. पहिल्याच फोनवर विचारून घ्या, "चित्र बरोबर आहे असं घरात कोण म्हणाल्यावर तुम्हाला पटेल?" जे नाव येईल त्याला रफ, म्हणजे कच्चा आराखडा, दाखवायचा, पैसे कोणीही देवो.

"वारली काढून द्या ना"

हे दहातली सात गिऱ्हाईकं म्हणतात. लोकांच्या डोक्यात आदिवासी चित्र म्हणजे गेरूवर पांढरे त्रिकोणी माणसं, गोल करून नाचणारे, झालं. चिडू नका, पण हो पण म्हणू नका. वारली ही वारली लोकांची, डहाणू-पालघरकडची, जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती त्या कामासाठी. आपण भील, पावरा, मावची, कोकणी, आपल्या घरच्या भिंती वेगळ्या, आपल्या वाघदेवावरचे सूर्य-चंद्र वेगळे. मी सरळ सांगते की मी वारली काढत नाही, वारली पाहिजे तर त्या लोकांकडून घ्या, माझं काम हे असं असतं, आणि तीन चित्रं पाठवते. अर्धे लोक तिथेच म्हणतात हे पण छान आहे. बाकीचे गेले तर गेले. वारलीची नक्कल करून द्यायला लागलात की तुमचं असं काही राहत नाही आणि त्या बिचाऱ्यांच्या पोटावर पाय येतो तो वेगळा.

कोणी विचारलं भिली चित्र म्हणजे काय, तर भूरीबाईंचं नाव सांगा. झाबुआकडच्या पिटोलच्या, भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करायच्या, तिथे चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी त्यांना कागदावर काढायला लावलं, आणि २०२१ मध्ये पद्मश्री. ही एक ओळ सांगितली की समोरचा जरा सरळ बसतो.

गोष्ट काढून घ्यायची कशी

यातच सगळं आहे, म्हणून इथे जरा वेळ घेते.

माणसं भावना सांगतात. "आईनं आमच्यासाठी खूप कष्ट केले", "बाबा म्हणजे आमचा आधारवड", "आमची लव्हस्टोरी एकदम वेगळी आहे". यातलं काहीच काढता येत नाही. कष्ट काढायचे म्हणजे काय, डोक्यावर मोळी घेतलेली बाई? ती तर कॅलेंडरवर पण असते. म्हणून भावना ऐकून घ्यायच्या, मान हलवायची, आणि विचारायचं वस्तूंबद्दल, हातांबद्दल, वेळेबद्दल. घरात आल्यावर आई पहिलं काय करायची? चप्पल होती का? पाणी कुठून आणायची, हंडा कसला? दाराजवळ कोणतं झाड? कोंबड्या रात्री कुठे कोंडायचे? बाप बाजारातून येताना काय आणायचा, कशात बांधून?

एक उदाहरण देते. दोंडाईचाच्या एका दादांची ऑर्डर होती, आई नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जायची. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, थंडीच्या सीझनमध्ये नंदुरबारच्या आजूबाजूला मोकळ्या जागांवर लाल मिरची वाळत घातलेली असते, लांबून बघितलं तर जमिनीला आग लागल्यासारखी, आणि बायका ओळीनं बसून देठ खुडतात. दादांना पाहिजे होतं आईचा मोठा चेहरा, मागे मिरची, खाली लिहायचं "माय". मी म्हटलं बरं, पण मला सांगा, संध्याकाळी आई घरी आली की तुम्ही काय करायचे? म्हणे आम्ही पळत जायचो. आणि आई? तर दादा जरा थांबले आणि अहिराणीतच बोलले, "माय हात नही लावे ना, हातले आग ऱ्हाये, कोपरानी जवळ लेये." हातांची आग व्हायची म्हणून ती माउली पोरांना तळवे लावायची नाही, कोपरानं जवळ ओढायची, गालाला मनगटाची मागची बाजू लावायची.

झालं, चित्र मिळालं. चेहरा मोठा काढायची गरजच उरली नाही. बाई बसलेली, दोन्ही तळवे बाहेरच्या बाजूला वर धरलेले, लालभडक, तळव्यात मिरचीच्याच आकाराचे ठिपके भरले, आणि तिच्या दोन्ही कोपरांच्या बेचक्यात दोन पोरं. मागे पथारी. "माय" लिहायचं दादांनीच नको म्हटलं.

हे "आई तुम्हाला किती आवडायची" विचारून आलं नसतं.

फोनवर गोष्ट घेत असाल तर माणसाला त्याच्या बोलीत बोलू द्या. मराठीत लोक शाळेतल्या निबंधासारखं बोलतात, अहिराणीत किंवा पावरीत, भिलीत आले की खरं बोलतात, शिव्या पण देतात, आणि शिवीच्या आजूबाजूलाच गोष्ट असते. तुम्हाला समजत नसेल ती बोली तर घरातल्या कोणाला तरी मध्ये घ्या. रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा, आणि म्हाताऱ्या माणसाला नुसतं "रेकॉर्ड करते" म्हणून चालत नाही, थोडं ऐकवून दाखवा की हे असं राहतं, मग ते ठरवतील.

फोटो मागवा पण फोटोवर विसंबू नका. लग्नातले फोटो म्हणजे सगळे नटलेले, पासपोर्ट फोटोत सगळे घाबरलेले. मला फोटो लागतो तो फक्त दोन-तीन गोष्टींसाठी, पागोटं कसं बांधायचे, नऊवारी की सहावारी, चांदीचं कडं कोणत्या हातात, घर कुडाचं होतं की विटांचं, वर कौलं की पत्रा. आणि फोटोच्या कोपऱ्यात बघा. मधले लोक कॅमेऱ्याकडे बघत असतात, कोपऱ्यातली सायकल, उलटी टाकलेली बाज, वाळत घातलेलं लुगडं, हे खरं सांगतात.

फोटोच नसेल, घरच नसेल तर? आपल्याकडे हे खूप आहे. सरदार सरोवर धरणात महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुक्यांतली मिळून ३३ गावं बाधित झाली, त्या गावांमधले लोक आता वसाहतींमध्ये आहेत, नातवंडांनी मूळ गाव बघितलेलंच नाही. अशा घरातून ऑर्डर आली तर मी एक करते. म्हाताऱ्या माणसाला कागद-पेन देत नाही, हातात पेन आला की ते म्हणतात आम्हाला काय येतं. मूठभर मक्याचे दाणे द्यायचे, घरातच सारवलेल्या जमिनीवर. म्हणायचं बाबा, नदी इकडून येते असं धरा, तुमचं घर कुठे? एक दाणा. भावाचं? दुसरा. देवाची जागा? मोहाची झाडं कोणाची कोणती? पंधरा मिनिटांत पूर्ण गाव मांडून होतं, आणि मांडताना दोन म्हातारे भांडतात की नाही नाही, त्याचं घर नाल्याच्या या अंगाला होतं. भांडू द्या. वरून फोटो काढा. तोच तुमच्या चित्राचा आराखडा. गाव आपल्याकडे तसंही एका ठिकाणी गच्च नसतं, घरं वावरा-वावरात टेकड्यांवर पसरलेली असतात, त्यामुळे शहरातला कोणी काढेल तसं चौकोनी गाव काढलंत तर म्हातारा बघूनच म्हणेल हे आमचं नाही.

आणि हो, दुःखाची गोष्ट असेल तर खोदत बसू नका. आपण पोलीस नाही. माणूस गप्प झाला तर विषय बदला, कोंबड्यांचं विचारा, चहा घ्या, परत कधीतरी तो स्वतःच सांगतो. नाही सांगितलं तर तेवढ्यावर काढायचं.

रफ

ऐकून झालं की लगेच काढायला बसू नका, एक रात्र जाऊ द्या. सकाळी जे दोन-तीन प्रसंग डोक्यात उरतील तेच चित्रातले, बाकीचे कडेला.

आपल्या पद्धतीचा मोठा फायदा असा की एकाच चित्रात तीन काळ बसतात. डावीकडे आजोबा ऊसतोडीला गुजरातकडे निघालेत, मध्ये तेच आजोबा होळीच्या नाचातला बुध्या बनून कमरेला घुंगरं बांधून नाचतायत, उजवीकडे नातू नोकरीच्या ऑर्डरचा कागद घेऊन उभा. कोणी विचारत नाही की एकच माणूस दोनदा कसा. आणि लांबचं लहान, जवळचं मोठं हा नियम आपल्याला लागत नाही, ज्याचं महत्त्व जास्त तो मोठा. बकरी गोष्टीत महत्त्वाची असेल तर बकरी घराएवढी.

पण याच्यामुळेच भांडणं पण होतात हे आधीच सांगून ठेवते. रफ फॅमिली ग्रुपवर गेला की कोणीतरी विचारतंच, जावईबापू एवढे लहान का काढले? म्हणून रफ ग्रुपवर टाकू नका, एकाच माणसाला पाठवा, आणि प्रत्येक आकृतीला नंबर टाका, मग बदल सांगताना "३ नंबरच्या बाईच्या डोक्यावर पाटी नको, टोपली पाहिजे" असं नेमकं येतं, नाहीतर "ते थोडं अजून जिवंत करा" असले मेसेज येतात त्याचं काय करायचं ते ब्रह्मदेवाला ठाऊक.

ठिपके कुठे कोणते भरायचे हे रफलाच ठरवा. भिली कामात प्रत्येक चित्रकाराची ठिपक्यांची ठेवण आपापली असते, जाणकार माणूस नाव न वाचता सांगतो हे कोणाचं. तुमची ठेवण तुम्ही शोधा, दुसऱ्याची उचलू नका. मी गोष्टीतलीच एखादी वस्तू घेते, कापूसवाल्या घराला बोंडासारखे, मक्यावाल्यांना दाण्यासारखे, आणि त्या घराच्या सगळ्या माणसांत तोच ठिपका फिरवते, म्हणजे चौदा माणसं वेगळी दिसली तरी एका घरातली वाटतात.

काय काढायचं नाही ते आधी ठरवा

ऑर्डर आल्यावर ठरवायला गेलात तर पैसे बघून मन डळमळतं, म्हणून आत्ताच वहीत लिहून ठेवा. माझी यादी अशी. पिठोऱ्याचे घोडे मी काढत नाही, तो लखाऱ्यांचा मान आहे, आणि नवसाशिवाय कोणाच्या हॉलमध्ये सोफ्यावर लावायला तर अजिबात नाही. याहामोगी मातेचं रूप कॅलेंडर, टी-शर्ट, पिशवीवर नाही. देवमोगऱ्याला, म्हणजे तिच्या ठाण्याला, जत्रेला चाललेली माणसं, डोक्यावर नवसाच्या टोपल्या, ते काढते, कारण ते रस्त्यावर सगळे बघतात. इंदलच्या, म्हणजे आपल्या नवसाच्या, पूजेत काय-काय असतं ते कोणाला बाहेरच्याला समजावून सांगणारं चित्र नाही. शंका आली तर मी गावच्या पुजाऱ्याला फोन करते, त्यांनी नको म्हटलं तर नको, कारण विचारत नाही.

तुमची यादी वेगळी असेल, मावची घराची वेगळी, कोकणींची वेगळी, तडवींची तर वेगळीच. ज्याच्या-त्याच्या घरी विचारा. इंटरनेटवर शोधू नका, तिकडे कोणी काहीही लिहितं.

कंपनीवाले किंवा हॉटेलवाले भिंत रंगवायला बोलावतात तेव्हा त्यांना हमखास "नाचणारे आनंदी आदिवासी" पाहिजे असतात. मी त्यांना विचारते तुमच्याकडे कामाला आपले किती लोक आहेत, त्यांच्यातल्या चौघांशी तासभर बोलू द्या, मग भिंत सांगते. काही हो म्हणतात. एका ठिकाणी वॉचमन काकांनी आख्खं भोंगऱ्या हाट, म्हणजे होळीआधीचा बाजार, उभं केलं बोलता-बोलता, कोण कुठून पायी यायचं, पोरी कोणत्या दुकानापाशी थांबायच्या, आणि भिंतीवर तेच गेलं, आता त्या ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस काकांना थांबवून विचारतो की यात तुम्ही कोणते.

कागद, रंग

३०० जीएसएमचा जाड ॲसिड-फ्री कागद घ्या, साध्या ड्रॉइंग पेपरवर काढलेलं काही वर्षांत पिवळं पडतं. रंग ॲक्रिलिक. गिऱ्हाईक "नॅचरल कलर पाहिजे" म्हणालं तर खरं काय ते सांगा, गेरू, पांढरी माती, काजळी हे टिकतात, पण हळदीचा पिवळा आणि पळसफुलांचा केशरी उन्हात उडतो, खिडकीसमोर लावलं तर दिसता-दिसता फिका होतो. त्यांना पिवळा नॅचरलच पाहिजे असेल तर पिवळी माती शोधा.

आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीला ॲक्रिलिक ब्रशवरच सुकतो, त्यामुळे उन्हाळ्यात बारीक ठिपक्यांचं काम पहाटे पाच ते नऊ, नंतर झोपा. पंख्याखाली तर बिलकुल बसू नका.

पैसे आणि हक्क

रेट काढायची पद्धत सोपी आहे पण लाजतो आपण. दिवसाची मजुरी ठरवा, स्वतःची, आणि ती शेतमजुरीपेक्षा जास्त ठेवायला घाबरू नका. समजा १००० धरले. ए३ चित्राला सहा दिवस ठिपके, एक दिवस ऐकणं आणि रफ, झाले ७०००. कागद-रंग ६००, पॅकिंग आणि कुरिअर ४००. आठ हजार. ऐकायचा दिवस बहुतेक पोरं धरतच नाहीत, जसं काही फोनवर तीन तास बसणं म्हणजे काम नाही. तेच तर काम आहे, ठिपके नंतर हात भरतो. निम्मे पैसे आधी. नातेवाईक असला तरी आधी. नातेवाईक असला तर नक्कीच आधी.

कंपनी टीडीएस कापून पैसे देते, घाबरू नका, पॅन द्या आणि रिटर्न भरा, जास्तीचा कापलेला परत येतो.

आता कायद्याचं, आणि हे नीट वाचा कारण बहुतेक चित्रकारांना उलटंच वाटत असतं. आपल्याला वाटतं चित्र मी काढलं म्हणजे कॉपीराइट माझा. साधारणपणे हो. पण कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ मध्ये एक अपवाद आहे, कोणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढलं, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो सांगणारा होतो. म्हणजे ऑर्डरच्या कामात काहीच न बोलता काम केलंत तर हक्क गिऱ्हाइकाकडे जातो, आणि उद्या तुमची बकरी कोणाच्या तूरडाळीच्या पाकिटावर दिसली तर बोलायला जागा राहत नाही. ते "वेगळं ठरवणं" आपल्या हातात आहे आणि ते लेखी पाहिजे.

हक्क लिहून देण्याबद्दल कलम १९ आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी, किती काळ ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठे ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं धरतात. म्हणून कंपनीला देताना काळ, जागा, कशावर छापणार, हे तिन्ही लिहा आणि त्याचे पैसे वेगळे घ्या. आणि कलम ५७ लक्षात ठेवा, हक्क विकला तरी चित्र तुमचं आहे हे सांगायचा आणि कोणी त्याची मोडतोड करून तुमची बदनामी होईल असं वापरलं तर अडवायचा हक्क तुमच्याकडेच राहतो. रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा, तेवढी फी वसूल होते.

घरगुती ऑर्डरला मी हे पाठवते, कॉपी करून घ्या, तुमच्याप्रमाणे बदला:

"नमस्कार. तुमच्या घरच्या गोष्टीचं चित्र, साइज ए३, कागदावर ॲक्रिलिक. किंमत ठरल्याप्रमाणे, निम्मी काम सुरू करताना, निम्मी तयार चित्राचा फोटो बघितल्यावर, पार्सल टाकण्याआधी. रफमध्ये दोन वेळा बदल करून मिळतील, रंग सुरू झाल्यावर बदल होणार नाही. मूळ चित्र तुमचं. कॉपीराइट माझ्याकडे राहील. घरात लावणं, फोटो काढून नातेवाइकांना पाठवणं, स्टेटसला ठेवणं चालेल. छापून विकायचं, पाकिटावर, जाहिरातीत वापरायचं तर वेगळं ठरवू. चित्रावर माझं नाव राहील. तुम्ही सांगितलेली गोष्ट आणि रेकॉर्डिंग तुमच्या परवानगीशिवाय मी कुठे टाकणार नाही."

प्रिंट काढून दोघांच्या सह्या, फोटो दोघांकडे. व्हॉट्सॲपवर अंगठ्याचा इमोजी आला म्हणजे सही झाली असं धरू नका.

शेवटचं वाक्य काढून टाकू नका बरं का. आपण आपल्या हक्काचं बोलतो तसं त्यांच्या गोष्टीचं पण आहे. दारू सोडलेला बाप, पळून जाऊन केलेलं लग्न, मेलेलं मूल, हे लोक आपल्याला सांगतात, आणि आपण ते रीलमध्ये "या चित्रामागची कहाणी" म्हणून टाकायचं? चित्राचा फोटो टाकायचा तरी विचारूनच टाका. चालत नाही म्हणाले तर गेलं पोर्टफोलिओतून एक चित्र, काही बिघडत नाही.

फोटो आणि पार्सल

देण्याआधी चित्राची चांगली इमेज ठेवा. ए३ स्कॅनर मिळाला तर ३०० डीपीआयला, म्हणजे साधारण ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. नसेल तर सकाळी सावलीत, चित्र भिंतीला सरळ लावून, मोबाईल अगदी समोर धरून, फ्लॅश बंद. छापायला देणार असाल तर आधीच सांगून ठेवा की स्क्रीनवरचा भडक केशरी आणि पोपटी छपाईत मंद दिसतो, एक टेस्ट प्रिंट मागा.

पॅकिंगला चित्रावर बबल रॅप डायरेक्ट लावू नका, उन्हाळ्यात ॲक्रिलिक मऊ पडतो आणि फुग्यांचे गोल उमटतात, जे ठिपक्यांच्या चित्रावर तर फारच वाईट दिसतं, गिऱ्हाइकाला वाटतं ते पण तुम्हीच काढलेत. आधी बटर पेपर, मग पुठ्ठ्याचे दोन तुकडे, मग बबल रॅप. कॅनव्हास गुंडाळायचा तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, चार इंची पीव्हीसी पाइपात, दोन्ही तोंडं बंद करून. पावसाळ्यात वरून प्लास्टिक. आतमध्ये एक चिठ्ठी टाका, उन्हासमोर लावू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका. उरलेले पैसे खात्यात दिसले की मगच पोस्टात जा, स्पीड पोस्टाची पावती मिळाली की फोटो काढून लगेच पाठवून द्या, म्हणजे "कधी येणार" हा मेसेज दिवसातून चार वेळा येत नाही.